हेस्केलचा नंबर

“पर्स उघडा, बाई.”

हागितला वाटलं, मागच्या कोणाला तरी म्हटलं.

“मला म्हणताय, हेस्केल?”

“तुम्हालाच.”

“अहो, माझी दोन्ही पोरं तुमच्यासमोर मोठी झाली!”

“म्हणून तर लवकर होईल. उघडा.”

हैफाच्या चढावरच्या त्या शाळेचं फाटक हेस्केल अकरा वर्षं सांभाळत होता. वर्गात निम्मी मुलं ज्यू, निम्मी अरब. शिक्षिकाही वर्गागणिक दोन, एक हिब्रू बोलणारी, एक अरबी. फाटकाला मात्र माणूस एकच. त्याने आपल्यापुरता एक नेम करून ठेवला होता. ज्यू मुलाला अरबीत ‘सबाह अल-खैर’ म्हणायचं, अरब मुलाला हिब्रूत ‘बोकेर तोव’; दोन्हींचा अर्थ सुप्रभात. मुलाने त्याच भाषेत उत्तर दिल्याशिवाय आत सोडायचं नाही. तो ज्यू, पण अरबी त्याची घरचीच, आई बगदादची. कोणाचा बाप तीनदा हॉर्न वाजवतो, कोणती आई नवऱ्याला चोरून सिगारेट ओढते, सगळी नोंद त्याच्या डोक्यात पक्की. पिशव्या मात्र त्याने कधी उघडल्या नव्हत्या.

काल खाली बसथांब्यावर चाकू चालला. दोन माणसं गेली. आज फाटक उघडायच्या आधीच सुरक्षा कंपनीचा यारीव हजर झाला होता.

“आपल्या लोकांना ताटकळत ठेवू नकोस,” तो खालच्या आवाजात म्हणाला होता. “त्या अरबांच्याच पिशव्या बघ. कळलं ना?”

“लेखी दे.”

“असलं कोणी लिहून देतं होय? नऊ महिन्यांनी रिटायर व्हायचंय तुला. जरा डोकं वापर.”

हेस्केलने डोकं वापरलं. सगळ्यांच्याच पिशव्या उघडायला लागला. पहिली मुख्याध्यापिकाबाईंची, मग एकेका पालकाची. हागितच्या पर्समधून केळ्याचं साल, एकटा मोजा आणि सिगारेटचं पाकीट निघालं. पाकीट त्याने हळूच मोज्याखाली सरकवलं.

रांग उतारावरून वळणापर्यंत गेली. एरवी रांगेत सगळ्या गावाची उणीदुणी निघायची; आज प्रत्येक जण पुढच्याच्या हातांकडे बघत होता. दोन अरब बायका मुलांना घेऊन रांगेतूनच परत फिरल्या. हेस्केलने त्यांना हाक मारली, पण त्यांनी मान वळवली नाही.

“झडती तरी किती!” एक ज्यू बाप ओरडला. “विमानतळावरसुद्धा एवढी होत नाही!”

“आमची होते,” मागून कोणीतरी अरब बाप म्हणाला.

चारपाच जण हसले आणि लगेच पुन्हा पुढच्याच्या हातांकडे बघू लागले.

घंटा वाजून गेली. यारीव फाटकातल्या टेबलापाशी आला. “पुरे झालं. जाकीट काढ.”

“नऊ महिने राहिलेत.”

“ते सकाळी आठवायचं होतं.”

हेस्केलने कमरेचं पिस्तूल रिकामं करून टेबलावर ठेवलं, वर कंपनीच्या जाकिटाची घडी ठेवली आणि फाटकाबाहेर आला. मग त्याला आठवलं, डबा आत टेबलाखालीच राहिला: तळलेली वांगी, अंडं, आंब्याचं आंबट लोणचं. तो रांगेत उम्म वाहिबच्या मागे उभा राहिला. ही अरब म्हातारी रोज नातीला, रीहामला, पोचवायला यायची.

यारीवने पुढच्या तीन ज्यू बापांना हातानेच आत जायची खूण केली. दोघे गेले. तिसरा, मघाशी ओरडलेला, बॅगेची चेन अर्धी उघडून घुटमळला, मग तोही गेला.

“म्हातारे, तू थांब. पिशवी.”

उम्म वाहिबने पिशवी उपडी केली. दोन पोळ्या, जपमाळ, नातीची पेन्सिल. “बघ बाबा, नीट बघ,” ती म्हणाली. “पेन्सिलीला टोक आहे.”

यारीवने मान हलवून त्यांना सोडलं. रीहाम मात्र फाटकात अडून राहिली.

“काका, तुम्ही आज म्हणालाच नाहीत.”

हेस्केल तिच्याकडे वाकला. “बोकेर तोव, रीहाम.”

“बोकेर तोव, काका.” ती आत पळाली.

“तू कशाला रांगेत?” यारीव त्याच्याकडे न बघता म्हणाला. “जा, घेऊन ये तुझा डबा.”

“माझा नंबर आलाय.”

“अरे, तुझ्याकडे पिशवीसुद्धा नाही!”

हेस्केलने पँटचे दोन्ही खिसे बाहेर ओढले. पांढरं अस्तर दोन्हीकडे लोंबलं. त्याने हात बाजूला पसरले आणि यारीव पुढे येईपर्यंत तो तसाच उभा राहिला.