आभाराची तळटीप

"थांब, मालिनी, पुन्हा म्हण ते!" श्रीपाद भरल्या ताटावरून उठले आणि डाव्या हाताने कागद शोधू लागले.

मालिनी माझ्या यजमानांबरोबरच हॅम्बर्गला डॉक्टरेट करत होती. रविवारी सायकलवरून आमच्या एका खोलीत जेवायला यायची. यांचा विषय होता जुन्या इंग्लंडातले गरिबांच्या मदतीचे कायदे.

"आल्झो, म्हणजे असं बघा," मालिनी म्हणाली, "ती दया नव्हतीच. गरीब माणूस गावोगाव फिरायला लागला की राज्यकर्ते घाबरायचे. म्हणून तुकडा द्यायचा, पण त्याच्याच गावात."

"काय सुचतं गं तुला!"

माझी पोळी तव्यावर करपली. प्रबंध टाइप करताना हेच मी यांना म्हटलं होतं, "अहो, या राज्यकर्त्यांना भुकेची नाही, भटकण्याची भीती दिसते." तेव्हा "हं" म्हणून यांनी चहा मागितला होता. मग मागच्या रविवारी, पोळ्या लाटता लाटता, मी ते मालिनीला सांगितलं.

सोमवारी दुपारी आमची तान्ही शुभा निजली तेव्हा यांनी त्या विचारावर लिहिलेलं पान टाइप करायला घेतलं. खाली तळटीप होती: या विचाराबद्दल मालिनीचे आभार. तिची सायकल, तिचं ग्रंथालय, तिच्या रिकाम्या कडेचा मला इतका हेवा वाटला, की तिच्या नावापुढच्या पूर्णविरामाने कागदाला भोक पाडलं. शुभा दचकून उठली. तिला मांडीवर थोपटत मी पुढचं पान एका हाताने टाइप केलं.

पुढच्या रविवारी मालिनीने ते पान वाचलं आणि कपाळावर हात मारला.

"अय्या! श्रीपादराव, हे तर वहिनींचं! इथेच, पोळ्या लाटताना बोलल्या होत्या. माझं नाव काढा बघू."

मी शुभाला उगीचच घट्ट धरलं.

श्रीपाद माझ्याकडे बघून हसले. खरंच मायेने हसले. "असं होय! मग तळटीपच नको. घरच्या माणसाचे कुणी आभार मानतं का? काय गं?"

"नाही हो," मी म्हटलं.

 मालिनी ताटं उचलून मोरीकडे गेली. तिचं नाव निदान माझ्या वाक्याखाली होतं, असं मला वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी मी ते पान पुन्हा टाइप केलं. तळटीप गेल्याने खाली तीन ओळींची जागा झाली. पुढच्या पानावरच्या तीन ओळी वर घेतल्या. पान भरलं.