तीन गुंजा अफू

आमच्या गावात काठी माझ्या हातात असायची, हे आधीच सांगून टाकतो. चव्वेचाळीस-पंचेचाळीसचा काळ. सरकारी फौजदार गावात यायला कचरत होता आणि न्यायनिवाडा गावची पंचकमिटी करत होती. मी, लालासाहेब, तालमीचा वस्ताद, म्हणून शिक्षा द्यायचं काम माझ्या गळ्यात. दारू, गांजा, अफू ज्याच्या घरात सापडेल त्याच्या तळपायांवर चावडीपुढं बारा काठ्या. कायदा सरळ होता, आणि मला सरळ गोष्टीच कळतात.

हा कायदा आणला हरणाबाईनं. शिराळ्याच्या वाटेवर ओढ्याकाठी हातभट्ट्या लागायच्या. एका सकाळी तिनं तीस-चाळीस बाया गोळा केल्या, खुरपी-कुदळी घेतल्या, सगळी मडकी फोडली आणि कमिटीकडून ही बंदी मंजूर करून घेतली. त्यातली एक भट्टी तिच्या पाठच्या भावाची, भाऊसोची होती. तो गाळायचा त्याहून जास्त प्यायचा. आमच्या कमिटीचे म्होरके आप्पासो म्हातारे माणूस, ते म्हणाले, "पोरी, भाऊ हाय तुजा. इचार कर."

"भाऊ हाय म्हणूनच," ती म्हणाली. "आदी त्येलाच बसू द्या."

मी बारा मोजल्या. ती शेवटपर्यंत उभी राहिली. मला त्या बाईचं एवढं कौतुक वाटलं की आठवडाभर मी जाईन तिथं तेच सांगत होतो. भाऊसोची भट्टी बंद झाली, तो माणसांतून उठून गेल्यासारखा खाली मान घालून हिंडू लागला आणि आम्ही समजलो, सुधारला.

पुढच्या फाल्गुनातली गोष्ट. हरणाबाईचा नवरा जोतीराम मराठा पलटणीतून आफ्रिकेच्या लढाईवर गेलेला, मांडीत गोळ्यांचे तुकडे घेऊन परत आलेला. तालमीतल्या पोरांना त्यानं चार गोष्टी सांगाव्यात म्हणून मी सकाळी त्याच्या घरी बोलवायला गेलो. बघतो तर हरणाबाई उंबऱ्यात उन्हाला बसलेली, हातात सोनाराचा छोटा काटा, एका पारड्यात वजनाला लाल गुंजांच्या बिया. जोतीराम समोर हात मांडीखाली दाबून बसलेला. मला वाटलं, दागिना मोडायला काढला की काय. मग वास आला. दुसऱ्या पारड्यात अफू होती.

माझं डोकंच फिरलं. "हरणाबाय! कायदा कुणी केला गं ह्यो?"

ती दचकली नाही. "म्याच. डबी घिऊन जा, वस्ताद. पर आजची गोळी त्येला दिऊ द्या. मग चावडीत येते."

गोळी तिनं दिली, डबी मी घेतली. दुपारपर्यंत चावडी माणसांनी भरून गेली. बाया भिंतीकडेला, पुरुष आत, आणि दाराशी भाऊसो. तो काय म्हणणार हे सगळ्यांनाच ठाऊक होतं: मला बसल्या, आता हिलाबी बसू द्या.

हरणाबाईनं काही लपवलं नाही. पलटणीच्या दवाखान्यात ठणक्यावर अफूच्या अर्काच्या सुया देत होते. घरी आल्यावर सुया संपल्या, ठणका राहिला, आणि जोतीराम सांगलीच्या बाजारातून अफू आणू लागला. तिला कळलं तेव्हा तिनं डबी वारणेत फेकली आणि त्याला सोप्यातल्या खोलीत कोंडलं.

"तीन दिस," ती म्हणाली. "जुलाब, उलट्या, हातपाय मोडत हुते. चवथ्या दिशी कौलं काढून ग्येला. तसल्या पायानं. पेठंच्या वाटंला पालथा घावला. जिता हाय का न्हाई, तेबी कळंना. तवा मला समजलं, ह्यो मार खाऊन सुटणारा रोग न्हाई. मिरजंला जाऊन डाक्टरला इचारलं. त्यो म्हणाला, एकदम तोडू नको, मोजून उतरव."

मार्गशीर्षात रोजची आठ गुंजा होती. दर सोमवारी ती अर्धी गुंज कमी करत आली होती. आता तीनवर आली होती. ठणक्याला ती गरम विटेचा शेक द्यायची, आणि तो रात्री ओरडला की त्याच्यासंगं जागायची.

"मग कमिटीला का सांगितलं न्हाईस?" आप्पासोंनी विचारलं.

"लाज वाटली," ती म्हणाली. "सगळ्या गावाला श्यानपण शिकिवलं आन् माज्याच घरात निघालं."

चावडीत गलका झाला. अर्धी माणसं म्हणाली, लढाईवरचा गडी, सोडून द्या. अर्धी म्हणाली, बंदी म्हणजे बंदी. सगळ्यांत मोठ्यानं मीच ओरडलो. "उद्या परत्येक दारुडा म्हणंल, म्या कमी करतुया! मग काठी कुणाला मारायची?"

"म्हणू द्या की," ती म्हणाली. "रोज येऊन मोजून दाव म्हणा त्येला. दावला तर खरा." मग पदर खोचून ती पुढं आली. "डबी माज्या घरात घावली. कायद्यानं बारा काठ्या माज्या. म्या खाते. पर डबी परत द्या. आज तोडली तर पुन्यांदा वाटंला पडंल त्यो, आन् ह्या डावाला उठणार न्हाई."

जोतीराम भिंत धरून उठायचा प्रयत्न करत होता. "माजं पाय घ्या, तिचं नगं," एवढंच तो म्हणत होता. बाईमाणसाला आजवर कुणी काठी लावली नव्हती. आप्पासोंनी माझ्याकडं पाहिलं, मी काठीकडं पाहिलं. खोटं कशाला बोलू, तेवढ्यातही मला वाटत होतं की नियम मोडला तर गाव मोडेल.

"म्या बोलू का?" दारातून भाऊसो म्हणाला.

सगळ्यांच्या माना दाराकडं वळल्या. त्याचा हक्कच होता. बहिणीनं त्याला बारा काठ्यांत एकीचीही सूट दिली नव्हती.

"मला बारा बसल्या," तो म्हणाला. "म्हैनाभर टाचा टेकवाय येत न्हवत्या. भट्टी बंद क्येली. दारू सुटली आसं तुमी समजता. न्हाई सुटली. शीव वलांडून जातो, पितो, शेतात पडतो, उतरली की घरी येतो. काल बी प्यालो." तो चालत येऊन माझ्यापुढं उभा राहिला. "वस्ताद, पुन्ना बारा मारायच्या तर मारा, कायदा हाय. पर त्यानं सुटत न्हाई, ह्ये मी सांगतो, कारण मार मी खाल्लाय. मला तिच्या घरी धाडा."

एवढं धाडस मी तालमीत कधी पाहिलं नाही. गावासमोर, काठीसमोर, माणूस आपण होऊन म्हणतो की मी काल प्यालो.

हरणाबाई तोवर एकदाही रडली नव्हती. ती भावाजवळ गेली, खाली बसली आणि भरल्या चावडीत त्या थोरल्या बहिणीनं धाकट्या भावाचे पाय धरले. "तुला मारायला सांगितलं म्या," ती म्हणाली. "का पितुयास, ह्ये कवा इचारलं न्हाई रं."

मी डबी तिच्यापुढं ठेवली. आप्पासोंनी डोळे पुसले आणि निकाल दिला: विकणाऱ्याला काठी तशीच राहील, पण जो स्वतः येऊन सांगेल त्याला काठी नाही, त्यानं रोज सकाळी हरणाबाईच्या उंबऱ्यात हजर व्हायचं. मी पहिल्यांदाच वाद न घालता मान डोलावली.

जोतीराम वैशाखात, आखितीच्या सुमारास सुटला. लंगडत का होईना, तालमीत येऊन पोरांना कवायत शिकवू लागला. भाऊसोला दोन वर्षं लागली. तो तीनदा पुन्हा प्यायला. तिन्ही वेळा दुसऱ्या सकाळी, कुणी न बोलावता, बहिणीच्या उंबऱ्यात येऊन बसला आणि म्हणाला, "आक्का, काल प्यालो." तिनं तिन्ही वेळा त्याला ताक दिलं, मनसोक्त शिव्या दिल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

कमिटी होती तोवर काठी मीच चालवली. माझ्याकडं असं आपण होऊन कुणी कधी आलं नाही.