चांदीचं समीकरण

"पुष्पाबाई, डावीकडं ऑक्सिजन किती?"

"तीन की वो सर."

"आणि उजवीकडं?"

"चार झाले. पुन्यांदा येक जादा आला बगा," म्हणत पुष्पावतीने पाटीवरचं समीकरण पदराने पुसलं.

रंगनाथ सर खूश झाले. खरं तर विद्यार्थी चुकला म्हणून मास्तराने खूश होऊ नये. पण काष्टी गावात निवृत्त होऊन बसलेल्या, बायको गेलेल्या आणि मुलगा पुण्याला असलेल्या माणसाकडे संध्याकाळी दुसरं कोण येणार? पुष्पावती नवऱ्याच्या जागी शाळेत शिपाई म्हणून लागली होती. बाहेरून दहावी झाली, तर तिला प्रयोगशाळेत बढती मिळणार होती. बाकीचे विषय तिने घरीच उरकले. विज्ञानासाठी ती सरांकडे येई. चुनखडी तापवली की चुना आणि कार्बन डायऑक्साइड, हे समीकरण मुळातच जुळलेलं. तांब्याचं, जस्ताचंही तसंच. घोडं अडलं होतं ते सिल्व्हर कार्बोनेटपाशी. ते तापवलं की चांदी सुटी होते आणि वर ऑक्सिजनही निघतो, म्हणून दोन रेणू घेतल्याशिवाय मेळ बसत नाही. दिवाळीपासून बाई तिथेच चुकत होत्या आणि सर रोज दोघांचा चहा टाकत होते.

बाजाराच्या दिवशी त्यांना शाळेतले प्रवीण सर भेटले.

"सर, तुमच्या पुष्पाबाई लई तयार झाल्या बरं का! मधल्या सुट्टीत पोरींना फळ्यावर चांदीचं समीकरण शिकवतात. एकदा पन चुकत न्हाईत."

"असं का," एवढंच सर म्हणाले.

भाजीची पिशवी घेऊन ते घरी आले आणि तसेच खुर्चीवर बसून राहिले. म्हणजे बाई मुद्दाम चुकून त्यांना सोबत करत होत्या. कुणीतरी त्यांची कीव केली होती आणि हे आपले शिकवल्याच्या तोऱ्यात! त्यांना फार लाज वाटली. लाजेपेक्षाही भीती वाटली, कारण हे बोलून दाखवलं की संध्याकाळ संपली.

पुष्पावती आली. पाटी घेतली आणि उजवीकडे पुन्हा चार ऑक्सिजन केले.

"हुकलंच वो सर."

चुकू द्यावं, असं सरांना क्षणभर वाटलं. मार्चपर्यंत तरी. पण तिची लेक यावेळी घरी एकटीच असते, हेही त्यांना ठाऊक होतं.

"तुम्हाला येतंय हे," ते म्हणाले. "लेकीजवळ बसत जा. उद्यापासून येऊ नका."

तिने मान खाली घातली. "सोडियमचं ऱ्हायलंय की अजून."

"सोडियम कार्बोनेटला काही होत नाही. बर्नरवर कितीही तापवा, तसंच राहतं."

ती उठली. दारात चपला घालताना थांबली.

"पास झाले तर पेढं घिऊन यीन सर."

"या की. नक्की या."

निकाल जूनमध्ये लागायचा होता आणि अजून फेब्रुवारीही सरला नव्हता.