आमच्या वस्तीचा खरा काटा

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. दुकानातला नव्हे, अंगणवाडीतला. घोड नदीकाठच्या आमच्या वस्तीवर मी छताच्या हुकाला लटकतो आणि माझ्या झोळीत बाळं. आज ट्रॅक्टर हाकणाऱ्या कित्येकांनी लहानपणी माझ्या झोळीत भोकाड पसरलं आहे, मला ओलंही केलं आहे. मी राग धरला नाही. लोक मला खरा काटा म्हणत, त्यातच माझं पोट भरे.

अंगणवाडीच्या ललिताताईंची भाची सीमा दौंडहून पुण्याला जाऊन आरोग्याची आकडेवारी तपासायचं शास्त्र शिकत होती. अभ्यासासाठी तिने आसपासच्या गावांतल्या बाळांची वजनं मांडली, तर आमच्याच वस्तीची सरासरी खाली. तिने मागच्या वर्षांची वजनंही मिळवली. त्यांतही सरासरी तेवढीच खाली.

"आमच्याकडची बाळं बारीकच असत्यात," ललिताताई म्हणाल्या.

"मावशी, चुका कधी इकडं, कधी तिकडं झाल्या तर सरासरीत मिटतात. ह्या सगळ्या एकाच बाजूला झुकल्यात. तुझा काटाच बिघडलाय."

मला उतरवून फुटक्या खेळण्यांवर ठेवलं. नवा काटा आला की मी भंगारात जाणार होतो. मित्रांनो, फार वाईट वाटलं.

पण सीमा मन लावून शिकलेली मुलगी. दोष देण्याआधी तपासायचं, हे तिला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी तिने मला पुन्हा टांगलं आणि साखरेचे सीलबंद पुडे एकेक करून झोळीत ठेवले. मी दर वेळी बरोबर वजन दाखवलं.

तेवढ्यात बानूबाई नातीला, परीला, घेऊन आल्या. परी झोळीत बसली तशा त्या कुजबुजल्या, "ताई, मोठ्यानं लई सांगू नका. दिष्ट लागती."

ललिताताई हसल्या आणि नेहमीसारखं पाव किलो कमी बोलल्या. मदतनीस सुलक्षणाने ऐकलं तेच लिहिलं.

सीमाने माझ्याकडे पाहिलं, मग सुलक्षणाच्या वहीकडे. "मावशी, सगळ्यांचंच असं सांगतेस?"

"म्हाताऱ्यांचं मन राखाया नको व्हय?" म्हणता म्हणता ताईंचा चेहरा उतरला.

सगळी बाळं पुन्हा तोलली. बाकीची ठीक निघाली, परी मात्र खरंच उणी होती. कागदावर सगळीच हलकी, म्हणून खरी हलकी पोर कुणाच्या नजरेत आलीच नव्हती. बानूबाईंनी पदर तोंडाला लावला. सीमा त्याच दिवशी दोघींना दवाखान्यात घेऊन गेली.

औषध लागू पडलं, खाणं वाढलं. परवा परी झोळीत बसली आणि माझा हुक करकरला. एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. बानूबाई इकडेतिकडे बघत हळूच म्हणाल्या, "ताई, तोंडानं कमीच सांगा. लिवा मात्र खरं."

मित्रांनो, मायेपोटी हवं तेवढं कमी बोला. लिहिताना तेवढं माझ्याकडे बघा.