आज किती बुडाले?

मित्रांनो, एका आईच्या पत्राचे उत्तर बरेच दिवस कोणी दिले नाही. ते पत्र माझ्याखालच्या टेबलावर, चष्म्याच्या डबीखाली पडून होते.

मी आकडे दाखवणारा एक जुना पडदा आहे, बातम्यांच्या कचेरीत भिंतीवर टांगलेला. लोकांच्या मोबाईलवर आमची कोणती बातमी किती वेळ उघडी राहते, एवढेच मला मोजता येते. कोण वाचते, का वाचते, ते मला कळत नाही.

मी नवा होतो तेव्हा सगळे कौतुकाने मान वर करून पाहत. बातमीत रमलेल्या वाचकाला कचेरीत ‘बुडालेला’ म्हणत. संपादक आल्या आल्या विचारीत, “आज किती बुडाले?” आणि हशा पिके.

एकदा तलावात बोट उलटून एक मुलगी गेली. त्या सकाळीही त्यांनी सवयीने तेच विचारले. मुद्रिते तपासणारे म्हातारे गृहस्थ, ज्यांना सगळे आजोबा म्हणत, खाली बघून म्हणाले, “एक.”

मुलीच्या फोटोशेजारी यंत्राने आपणहून जाहिरात लावली होती : सहकुटुंब नौकाविहार, निम्म्या दरात. बातमीत ‘तलाव’ आणि ‘बोट’ होते ना. शब्द जुळले, यंत्राचे काम झाले.

ते पान दिवसरात्र उघडे राहू लागले. माझ्यावर ते सर्वांत वर चढले. मग आईचे पत्र आले. लेकीचा अलीकडचा फोटो तेवढाच, आमच्या पानावरचा. तो उतरवून घेणे तिला जमत नव्हते, म्हणून ती पान मिटतच नव्हती. शेजारची बोट तेवढी काढा, एवढेच मागणे. आजोबांनी चाचरत जाहिरात काढण्याचा विषय काढला.

“आजोबा, चालत्या गाडीला खीळ घालू नका,” संपादक म्हणाले.

पुढे जाहिरातदार कुरकुरू लागला : एवढे बुडालेत, मग बोटीत एकही कसा चढत नाही? तेव्हा आजोबांनी पत्र पुढे केले.

“साहेब, एवढे नाहीत. एकटी आई आहे.”

संपादकांनी ते वाचून परत दिले. “मग पानच काढा. एकीसाठी कशाला जागा अडवायची?”

पान काढण्याआधी आजोबांनी फोटो जाड कागदावर छापून घेतला. मग माझ्यावर त्या ओळीत शून्य आले.

मित्रांनो, आकडा दिसला की त्याच्यामागे कोण बसले आहे, एवढे विचारत जा. मला ते विचारता येत नाही.

आजोबांनी बरेच कागद फाडले. शेवटी लिहिले, “ताई, पान गेले. फोटो पाठवतो आहे. त्याच्या शेजारी काही नाही.” मग ते जिना उतरले. खिडकीतून मला समोरची टपालपेटी दिसते. पाकीट आत पडले, तरी त्यांचा हात पेटीच्या तोंडाशीच होता.