आरशातलं छत

छत रंगवणाऱ्याची मान म्हणजे त्याचं निम्मं दुकान. या रंगाऱ्याने ती चाळीस वर्षं वर करून लोकांची छतं पांढरी केली आणि लोकांनी काय केलं? खाली उभं राहून बोट दाखवलं, "तिथे एक डाग राहिलाय."

आता बासष्टी उलटली होती. वर बघितलं की छत गरगरायचं. एकदा शिडीवरून बादली खाली गेली, पाठोपाठ तो जाता जाता राहिला. शेजारी म्हणाले, पित्त. मेहुणा म्हणाला, गॅस. फुकटचे वैद्य सगळे! मुलगी त्याच्याच हाताखाली भिंती रंगवायची. ती म्हणाली, "बाबा, डॉक्टरकडे चला." तिच्यावर तो खेकसला. डॉक्टर शिडी बंद करणार हे त्याला न विचारताच कळत होतं. शिडी गेली की मग तो कोण?

म्हणून तो गेला न्हाव्याकडे. तीस वर्षांची ओळख. आधी दाढी, मग मालिश आणि शेवटी हनुवटी धरून मानेला असा झटका, की कडकड वाजून माणूस हलका व्हायचा.

"आज दोन्हीकडून मोड. फार आखडलीये."

न्हाव्याने फेस लावला, त्याचं डोकं मागे टेकवून उजवीकडे वळवलं आणि वस्तरा थांबला. रंगाऱ्याचे डोळे हिंदकळत होते, शब्द तोंडातच घोळत होते. न्हाव्याने डोकं झटकन सरळ केलं. मिनिटभरात सगळं जागेवर आलं.

"हे कधीपासून?"

"ते सोड, मान मोड."

"नाही मोडणार."

"तीस वर्षं मोडतोयस. आज काय हात गहाण टाकलेस?"

"टाकले. ऊठ, हॉस्पिटलात चल."

"अरे, अर्धी दाढी राहिलीये, गाढवा!"

"राहू दे. अर्ध्या दाढीने कोणी मरत नाही."

शटर ओढून त्याने रंगाऱ्याला तसाच भररस्त्यातून नेला.

तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी फोटो दाखवला. "मानेच्या मणक्यांना दोन्ही बाजूंनी भोकं असतात. त्यातून दोन रक्तवाहिन्या मेंदूच्या मागच्या भागाकडे जातात. वयाने त्या कडक होतात, मणके झिजतात, हाडाला टोकं फुटतात. तुमची डावी जन्मापासूनच बारीक आहे. सगळी भिस्त उजवीवर, आणि मान वर करून वळवली की तीच दाबली जाते. मान मोडून घेता का कुणाकडून?"

दारात उभा न्हावी फरशी मोजायला लागला.

"एखाद्या झटक्याने ती आतून फाटते. मग गुठळी, मग पक्षाघात."

"याने आज नाही मोडली," रंगारी एवढंच म्हणाला. गोळ्या सुरू झाल्या, शिडी बंद झाली. महिनाभर तो घरात जो दिसेल त्याच्यावर डाफरत होता.

पुढच्या दाढीला गेला तर खुर्चीची डोकं मागे टेकवायची उशी गायब. न्हाव्याने बुटकं स्टूल ओढलं, कुरकुरत्या गुडघ्यांनी त्यावर बसला आणि खालून हनुवटीखाली वस्तरा चालवू लागला.

"तू वर बघायचं नाहीस. मीच खाली येतो."

"तुझे उपकार रे..."

"बोलू नकोस, कापेल."

त्या दुकानाचं पिवळं पडलेलं छत रंगारी दहा वर्षं 'उद्या रंगवतो' म्हणत होता. दुसऱ्याच आठवड्यात मुलगी शिडीवर चढली. छत तिचं पहिलंच. तो खाली खुर्चीत बसला, समोरच्या भिंतीकडे बघत. चाळीस वर्षांत पहिल्यांदा छताकडे पाठ केल्यासारखं वाटलं त्याला.

"बाबा, कसं झालंय?"

काय सांगणार? वर बघायची तर बंदी.

न्हाव्याने गिऱ्हाइकाला मागची कटिंग दाखवायचा छोटा आरसा काढला आणि त्याच्या मांडीवर आडवा ठेवला. आरशात पांढरंशुभ्र छत होतं आणि पोरीचा कोपरापर्यंत रंगलेला हात. रंगारी बघतच राहिला. डोळे भरून आले, ते त्याने पुसलेही नाहीत.

"एक डाग राहिलाय," तो खाकरून म्हणाला.

"कुठे?"

न्हाव्याने आरसा जरा तिरका केला.

"पंख्याच्या मागे. हां, तिथेच. आता ब्रश आडवा धर."