दोन गाठींची चादर

"आक्का, चारच वाक्यं आहेत. पाठ करा आणि मोकळ्या व्हा," असं म्हणत हेडक्लार्कने कागद टेबलावर ठेवला, तो नेमका ओल्या अभ्र्यांच्या ढिगावर.

आक्काने तो दोन बोटांनी उचलून बाजूला केला. चौतीस वर्षं ती इस्पितळाच्या तळघरातल्या या धुलाईखान्यात चादरी धूत होती. ओल्यावर कोरडं ठेवणारा माणूस तिला बघवत नसे.

"चष्मा आणू का? वाचता येईल ना?" हेडक्लार्कने विचारलं.

"तिला कागदही वाचता येतो आणि माणूसही," इस्त्रीवाली पलीकडून म्हणाली.

कागदावर सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'माझी मुलगी जन्मली तेव्हा आम्ही सगळ्यांनी आशा सोडली होती. फक्त मोठ्या डॉक्टरांनी तिच्यातली धुगधुगी ओळखली. त्यांनी तिला मरणाच्या दारातून परत आणलं. आम्ही जन्मभर त्यांचे ऋणी आहोत.'

आक्काने कागद शांतपणे वाचला आणि परत पुढे केला.

"हे असं झालं नव्हतं, साहेब."

"अहो, सत्तावीस वर्षं झाली! कोण तपासायला बसलंय? मोठे डॉक्टर उद्या निवृत्त होतायत. निरोप समारंभात दोन चांगले शब्द नकोत का बोलायला?" मग त्याने आवाज खाली आणला. "लेकीची कायम करण्याची फाईल त्यांच्याच टेबलावर आहे. उद्या सही झाली तर झाली. नवा साहेब येणार, तो आपली माणसं आणणार. मी काही म्हणत नाही हं. शहाण्याला शब्दाचा मार."

"शब्दाचाच मार होता, तर वाक्यं चार कशाला आणलीत?" आक्का म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता, त्यामुळे आपल्याला उत्तर मिळालंय हे कागद तिथेच ठेवून गेलेल्या हेडक्लार्कला जिना चढल्यावर कळलं.

संध्याकाळी लेकीने तो कागद आईच्या पिशवीत पाहिला. ती त्याच इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तीन वर्षं हंगामी होती. अख्खं इस्पितळ तिला चिवटी म्हणायचं. नाव धुलाईखान्याने ठेवलेलं.

"आई, म्हणून टाक ना," ती जेवता जेवता म्हणाली. "माझी फाईल आहे गं. तुझं काय जातंय?"

"तुझा जन्म जातोय."

"मी इथे बसलेय, जेवतेय. कुठे जातोय जन्म?"

आक्काने तिच्या ताटात आणखी थोडं वाढलं. लेकीला गोष्ट ठाऊक होती, पण तुकड्या-तुकड्यांनी, चिडवण्यातून आलेली. आईने ती कधी नीट सांगितली नव्हती. देवाने पदरात घातलेलं काय चारचौघांत दाखवत फिरायचं, असं तिला वाटायचं.

दुसऱ्या दिवशी सभागृह गच्च भरलं. व्यासपीठावरच्या टेबलाला आक्कानेच धुतलेली पांढरी चादर होती. तिला कडेची खुर्ची मिळाली. भाषणांमागून भाषणं चालली होती. मोठे डॉक्टर मान खाली घालून ऐकत होते. केस पिकले होते. आक्काची नजर मात्र चादरीच्या कडेवर होती, आणि मन कधीच सत्तावीस वर्षं मागे, वरच्या मजल्यावरच्या प्रसूतीच्या खोलीत जाऊन पोचलं होतं.

सातवा महिना. भर दुपार. पिळण्याच्या यंत्रापाशीच कळा सुरू झाल्या. ओल्या चादरींच्या ढकलगाडीत झोपवून बायांनी तिला वर नेलं होतं. बाळ आलं, पण रडलं नाही. तेव्हा तरुण असलेल्या या डॉक्टरांनी नळी लावली, ऐकलं, मान हलवली. "गेलंय," म्हणाले आणि शेजारच्या खोलीत गेले. तिथेही एक बाई अडली होती.

सिस्टरने बाळाला चादरीत गुंडाळलं आणि दोन गाठी मारून खिडकीपाशी ठेवलं. एक गाठ असली की गाठोडं धुलाईला जायचं. दोन गाठी असल्या की ते कुणी उघडायचं नाही. हा नियम आक्काला पाठ होता. नव्या बायांना तीच शिकवायची.

"द्या इकडे," ती म्हणाली.

"बघू नये बाई. उगाच जिवाला त्रास."

"मूल नाही बघत. चादर बघते. माझीच आहे ती, सकाळी वाळवलेली."

सिस्टरला दया आली असावी. तिने गाठोडं तिच्या कुशीत दिलं. आक्काने त्यावर गाल टेकला. हाताला चादर कोरडी लागते, पण गालाला फसवता येत नाही. दमट घडी अशीच ओळखायची असते. चादर कडक वाळलेली होती. फक्त एका जागी, नखाएवढी, ओली.

"इथे ओली आहे," ती म्हणाली.

"पाणी लागलं असेल."

"पाणी गार लागतं. हे ऊन आहे."

आणि ती बोलत असतानाच तो ओला ठिपका नखाएवढ्याचा रुपयाएवढा झाला. मेलेलं मूल चादर भिजवत नाही. गाठी घट्ट होत्या. बोटांत जोर नव्हता. तिने दात लावले.

"वेड लागलंय का हिला? उघडू नका ते!" डॉक्टर दारातून ओरडले. आक्काने ऐकलं नाही. दुसरी गाठ सुटली आणि आतून मांजराच्या पिलासारखा एक आवाज आला.

तेव्हापासून प्रसूतीच्या खोलीत जाणारी प्रत्येक चादर आधी तिच्या गालाला लागायची. ताप असो, सुट्टीचा दिवस असो, तिने हा नेम मोडला नव्हता.

"आता आपल्या आक्का दोन शब्द बोलतील," हेडक्लार्कने माईकवरून पुकारलं तेव्हा ती सभागृहात परत आली.

समोर, तिसऱ्या रांगेत चिवटी बसली होती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. आक्का उभी राहिली. कागद खुर्चीवरच राहिला.

"डॉक्टरसाहेबांनी माझ्या मुलीला अकरा दिवस काचेच्या पेटीत सांभाळलं," ती म्हणाली. "दोन दिवस ते घरी गेले नव्हते. ते मी रोज देवापुढे आठवते. पण त्याआधी तिला गेली म्हणून बांधलं होतं. गाठ मी सोडली. सगळे नको म्हणत असताना सोडली. चूक माणसाकडून होते, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण माझी गाठ दुसऱ्या कुणी सोडली, असं मी म्हणणार नाही. मुलीसमोर तर नाहीच नाही."

कुणी टाळी वाजवली नाही. हेडक्लार्कने घाईघाईने माईक ओढून घेतला. मोठे डॉक्टर टेबलावरच्या चादरीकडे बघत राहिले. त्यांचा हात तिच्या कडेवरून सावकाश फिरत होता. आक्काने त्यांना नमस्कार केला आणि ती जिना उतरून खाली गेली. वाळवण्याच्या यंत्रात चादरी तशाच पडल्या होत्या.

तासाभराने चिवटी आली. तोवर इस्त्रीवाली घरी गेली होती.

"साहेब फुलं घेऊन गाडीत बसले," ती दारातूनच म्हणाली. "फाईल टेबलावरच राहिली."

"हं."

"हेडक्लार्क म्हणाले, तुझ्या आईने तुझ्या पोटावर पाय दिला."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, आईने दात लावले नसते तर मला पोटच नसतं."

आक्काने यंत्रातून एक चादर ओढून काढली आणि झटकली. चिवटीने न सांगता समोरची दोन टोकं धरली. दोघी एकमेकींकडे चालत आल्या, टोकाला टोक मिळालं, पुन्हा मागे गेल्या, पुन्हा जवळ आल्या. घडी झाली. आक्का ती प्रसूतीच्या ढिगावर ठेवायला निघाली, तशी लेकीने तिचा हात धरला. वाकून तिने घडीवर गाल टेकला. डोळे मिटले.

"आई," ती म्हणाली, "इथे अजून ओली आहे."

आक्काने घडी उलगडली आणि दोन टोकं पुन्हा तिच्या हातात दिली.